भात्याचा हात

३ डिसेंबर २०२५

"तुझो डावो हात अजून जल्माक येवक नाय गो."

नुरुद्दीन मास्तर असं म्हणाले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. रागावून म्हणाले नाहीत. समोर उघडून ठेवलेल्या पेटीतली पितळी पट्टी ब्रशने पुसत होते आणि माझ्याकडे न बघता बोलले. बंदराच्या वाटेवरचं त्यांचं घर म्हणजे पेट्यांचा दवाखानाच होता. भजनी मंडळांच्या हातपेट्या आणि दशावतारी कंपन्यांच्या पायपेट्या तिथे दुरुस्तीला यायच्या. मी त्यांच्याकडे पायपेटीवर शिकत होते. भाता पायांनी मारायचा आणि वाजवायला दोन्ही हात मोकळे. त्याच वर्षी बाबांनी मला घरी साधी हातपेटी आणून दिली, मास्तरांकडचं जाणं थांबलं, आणि माझा डावा हात भात्याला लागला तो कायमचा. त्याला एकतीस वर्षं झाली.

आज शाळेतून येऊन चप्पल काढते तोच मितेशचा फोन आला. मितेश इथलाच, वेंगुर्ल्याचा. बारा वर्षं गोव्याच्या हॉटेलांतून गिटार वाजवून परत आला आणि त्याने 'खारो वारो' नावाचा बँड काढला. आपल्याकडची भजनाची किंवा दशावताराची चाल घ्यायची आणि तिच्याखाली जॅझचे सूर बसवायचे, असं तो जॅझ फ्यूजन समजावून सांगतो. सतरा जानेवारीला बंदरावर त्यांचा पहिला कार्यक्रम आहे. कीबोर्डवर माणूस हवा म्हणून त्याने व्हिडिओ मागवले होते. आठ आले.

"ताई, तुमचो डावो हात ऐकलो आणि बाकीचे सात व्हिडिओ आम्ही पुरे बघूकच नाय," तो म्हणाला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, गावात आणखी कोणी असं वाजवणारं आहे का, पुढेमागे उपयोगी पडेल.

मी म्हटलं, नाही.

या वहीत तरी खरं लिहावं. व्हिडिओतला डावा हात माझा नाही. मुबश्शिराचा आहे. मुबश्शिरा मास्तरांची नात, शाळेत माझी विद्यार्थिनी होती, आता चोवीस वर्षांची, बाजारात औषधांच्या दुकानात काम करते. घरी कीबोर्ड नाही म्हणून रविवारी माझ्याकडे येऊन वाजवायची. जुलैत एका रविवारी तिने डाव्या हाताने सात मात्रांची एक साखळी रचली आणि म्हणाली, बाई, रेकॉर्ड करा ना, माका लांबून ऐकूचां आसा. मी बटण दाबलं. ती साखळी कीबोर्डच्या पोटात राहिली. नोव्हेंबरात मी ती चालू केली, वरून माझा उजवा हात वाजवला आणि मोबाइल उजव्या बाजूला असा ठेवला की डावा हात माझ्याच खांद्याआड जावा.

पाठवताना वाटलं होतं, निवड थोडीच होणार आहे.

७ डिसेंबर, रविवार

चार दिवस सकाळी एक तास, शाळेतून आल्यावर दोन तास. साखळी अशी आहे: करंगळीने खालचा सूर, मग तिसरा आणि सातवा सूर एकदम, मग एक मात्रा रिकामी, मग पुन्हा करंगळी पण वेगळ्या सुरावर. एकट्या डाव्या हाताने मी ती अगदी हळू वाजवू शकते. उजव्या हाताने वर काहीही धरलं की डावा उजव्याच्या मागे धावतो. उजवा चारात, डावा सातात, हे माझ्या अंगाला समजतच नाही. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. बावीस वर्षं शाळेत संगीत शिकवते. कीबोर्डवर सगळी गाणी मी एकाच पट्टीत वाजवते आणि पट्टी बदलायला बटण दाबते, हेही कुणाला माहीत नाही.

कसं असायला हवं ते ऐकावं म्हणून मूळ रेकॉर्डिंग लावलं. माझा नवरा सुशांत पडवीत काजूच्या कलमांना चिठ्ठ्या बांधत बसला होता. (फळ संशोधन केंद्रातून काम घरी आणायची त्याची सवय जात नाही.) तो आतून येणारी साखळी गुणगुणायला लागला आणि म्हणाला, "ह्यां मुबीचां मा?"

मी म्हटलं, माझं आहे.

तो म्हणाला, "असां." आणि पुढची चिठ्ठी बांधली.

मुबश्शिरा आज आली नाही. गेल्या रविवारीही नव्हती आली. दुकानात काम वाढलं असेल.

१० डिसेंबर

पहिली तालीम. जागा म्हणजे निलेशच्या घरच्या काजू कारखान्याचं गोदाम. निलेश बास गिटार वाजवतो, बाबू ड्रम. बाबू लग्नाच्या वरातीत वाजवतो, त्यामुळे त्याला हळू वाजवायला सांगितलं की तो दुःखी होतो. टरफलांच्या तेलाचा वास घशात बसला होता.

मी युक्ती केली. डाव्या हाताने फक्त खालचा एकेक सूर धरला आणि म्हटलं, आज चाल समजून घेते, साखळी पुढच्या वेळी. ते मान्य झालं. तासभर बरं चाललं. मग शेवटाकडे सगळे चढत गेले, बाबू सुटला, मीही रंगले, आणि तीन वेळा फिरून समेवर यायचं होतं तिथे माझा डावा हात पट्ट्या सोडून कीबोर्डच्या मागे गेला. पेटीचा भाता तिथे असतो. सूर मोठा करायचा तर भाता जोरात ओढायचा, हे हाताला माहीत आहे, मला विचारावं लागत नाही. हाताला भाता मिळाला नाही. विजेची वायर मिळाली. त्याने ती ओढली.

कीबोर्ड मेला. बाकीचे दोन मात्रा पुढे गेले आणि थांबले.

बाबू हसून हसून स्टुलावरून घसरला. "ताई," मितेश म्हणाला, "ह्येका भातो नाय. ह्यो करंटार चलता." निलेश म्हणाला, पुढच्या वेळी मागे एक भाता लावून ठेवू, ताईंच्या हाताला करमणूक. मीही हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले.

वायर परत लावताना मितेशने माझ्या हाताकडे पाहिलं. हसत नव्हता. मग म्हणाला, व्हिडिओत हात इतका स्थिर होता, आज पहिला दिवस म्हणून असेल.

हो, म्हटलं. पहिला दिवस.

११ डिसेंबर

शाळेत प्रार्थनेला पेटी वाजवली. डावा हात बघत राहिले. मुकाट भाता मारत होता, बैलासारखा. त्याचा काही दोष नाही.

१४ डिसेंबर

आज मास्तरांच्या घरी गेले. ते जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर मी एकदाच गेले होते, त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला.

कारण हे होतं. डाव्या हाताला भात्याची सवय सोडवायची तर भाता दुसऱ्या कुणालातरी द्यायला हवा. पायांना द्यायला हवा. आणि पायपेटी गावात आता एकच उरली आहे.

फातिमाभाभी, म्हणजे मुबश्शिराची आई, दारात बांगडे साफ करत होत्या. "इलंस? वाट चुकलंस की काय?" म्हणाल्या. मी सांगितलं, बँडमध्ये घेतलंय, सराव करायचा आहे, पायपेटीवर बसू का. त्यांनी कोपराने दार ढकललं. "मास्तरांची शिष्या तू. पेटयेक विचार, माका काय विचारतंस."

पेटी तिथेच होती, खिडकीखाली. तीन सूर चिकटतात. पॅडलवरचं कातडं नवीन होतं. मास्तर गेल्यावर ते कोणी बदललं असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं.

बसले, पाय मारायला लागले, आणि डावा हात वर आला तो तसाच हवेत राहिला. त्याला काहीच काम नव्हतं. एकतीस वर्षांनी पहिल्यांदा त्याला कोणी कामाला लावत नव्हतं आणि तो घाबरला होता, असं मला वाटलं. मग मी साखळी हळू सुरू केली.

मागून मुबश्शिरा म्हणाली, "बाई, मनगट."

ती कधी आली ते कळलं नव्हतं. दुकानाचा निळा एप्रन अजून अंगावर होता. मी दचकले, हात उचलला. वाटलं, आता विचारणार, हे कुठून आलं. तिने विचारलं नाही. माझ्या मनगटाखाली बोट धरलं आणि म्हणाली, इथे ताठ आहे, म्हणून करंगळी मरते. वजन खांद्यातून खाली येऊ द्या, बोटाने दाबू नका. मग म्हणाली मंगळवारी संध्याकाळी दुकान बंद असतं, तेव्हा या, मी बसते सोबत.

जाताना फक्त एवढंच म्हणाली, "बाई, त्या जुलैतलां रेकॉर्डिंग आसा काय अजून? माका ऐकूचां होतां."

मी म्हटलं, पुसलं गेलं असावं गो, नवीन गाणी भरताना.

"जावंदे," ती म्हणाली. "माझ्या हातात आसा."

किती साधी मुलगी आहे. मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

पहिला धडा. मी तिला धडा म्हणते, ती म्हणत नाही. तिने गोळ्यांची रिकामी स्ट्रिप माझ्या डाव्या हाताच्या पंजावर ठेवली आणि वाजवायला सांगितलं. हात डुचमळला की स्ट्रिप कुरकुरते. दीड तासात ती अकरा वेळा पडली. प्रत्येक वेळी तिने उचलून परत ठेवली, न बोलता. मी कधी कुणाला इतक्या शांतपणे शिकवलं नसेल. शाळेत तिला मी एकदा बोटं चुकीची लावली म्हणून बाकावर उभं केलं होतं. तिला आठवत नसेल.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज म्हणाली, उजवा हात पेटीवर नको, मांडीवर. डाव्याने सात वाजवा आणि उजव्याने मांडीवर चार थोपटा, मूल निजवल्यासारखं. मला मूल नाही, पण थोपटणं कळलं. चौथ्या फेरीला दोन्ही वेगळे चालले. खरंच चालले. आठ-नऊ फेऱ्या. मग माझ्या ते लक्षात आलं आणि सगळं कोसळलं.

ती म्हणाली, "बघलात? तुम्ही बघूक गेलात की तां पळता."

मग एक बारीक गोष्ट सांगितली. पाचव्या मात्रेवर करंगळी जरा आधी घसरते, खालच्या सुरावरून वरच्यावर, ती चूक आहे. "ती शिकू नकात," म्हणाली. "ती सोडून बाकीचां घ्या."

मी त्या वेळी पाचव्या मात्रेवर घसरले नव्हते, असं मला वाटत होतं. पण तिचे कान मास्तरांचे आहेत. माझं मलाही कळत नाही ते तिला कळतं.

२८ डिसेंबर

फातिमाभाभी बाजारात भेटल्या. मितेशने माझा व्हिडिओ निवडीच्या दिवशीच सगळ्यांना पाठवला होता, त्यांनाही आला. म्हणाल्या, "आमची मुबी तुझो व्हिडिओ सारखो लावता. जेवतानाय लावता. मी म्हटलां, बस झालां गो आता, बाईंचां गाणां पाठ झालां माझां."

मी गोड हसले. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले. ती पोर माझं कौतुक करते आहे, आणि ज्याचं कौतुक करते ते तिचंच आहे. तिला सांगायला हवं. कार्यक्रम झाल्यावर सांगेन. आत्ता सांगितलं तर मितेशचा कार्यक्रम बुडेल. मितेशसाठी थांबते आहे.

हे वाक्य लिहून झाल्यावर परत वाचलं. मितेशसाठी.

४ जानेवारी २०२६

आज तालमीत साखळी पूर्ण वाजवली. डावा सातात, उजवा वर मोकळा. शेवटच्या चढाला डावा हात जागा सोडून मागे जायला निघाला, मला तो निघताना जाणवला, आणि तो गेला नाही. पट्ट्यांवर राहिला. मितेश गिटार थांबवून ऐकत उभा राहिला. बाबूसुद्धा हळू वाजवत होता.

मला इतका आनंद बहुधा लग्नातही झाला नव्हता. गोदामाबाहेर येऊन काजूच्या टरफलांच्या ढिगाजवळ बसले आणि डाव्या हाताकडे बघत राहिले. बोटांच्या टोकांना लाली होती. शेहेचाळिसाव्या वर्षी हा हात माझा झाला. मास्तर असते तर त्यांना सांगायला धावत गेले असते.

आणि मग काय सांगितलं असतं? हा हात तुमच्या नातीने दिला, आणि त्याने आधी तिच्या ताटातलं उचललं होतं.

मितेश बाहेर येऊन म्हणाला, पाचव्या मात्रेवरची ती गंमत का काढली, व्हिडिओत होती तेव्हा त्याला फार आवडली होती. मी म्हटलं, ती चूक होती, सुधारली.

"खरां सांगू काय ताई, माका ती चूक होयी होती," तो म्हणाला.

१३ जानेवारी, मंगळवार

कार्यक्रमाच्या आधीचा शेवटचा धडा. सगळं दोनदा वाजवून झालं. मुबश्शिरा पेटीला टेकून उभी होती. तिने बराच वेळ वाट पाहिली, माझ्याकडे बघत. पाय थांबले तसा भात्यातला उरलेला वारा सूं करत निघून गेला.

"आणि काय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आणि काही नाही. तुझे उपकार कसे फेडू.

तिने स्ट्रिप एप्रनच्या खिशात ठेवली आणि म्हणाली, "बरां."

मला वाटतं, तिला बक्षीस म्हणून काहीतरी द्यायला हवं होतं मी. साडी नको. चांगला हेडफोन देईन.

१८ जानेवारी

काल कार्यक्रम झाला.

सुरुवातीच्या तीन गाण्यांत विशेष काही नव्हतं. वारा समुद्राकडून होता, बाबूचे कागद उडाले, मितेशची एक तार तुटली. मग साखळीचं गाणं आलं. सुरुवात एकट्या डाव्या हाताने, बाकी सगळे गप्प. बंदरावरची माणसंही गप्प झाली. बर्फाच्या पेट्यांवर बसलेले खलाशी, पुढच्या खुर्च्यांवरची शाळेतली मंडळी. हात चुकला नाही. वजन खांद्यातून खाली येत होतं, मनगट मोकळं होतं. वाजवताना मी एकदाच मान वर केली. मुबश्शिरा डावीकडे बर्फाच्या पेट्यांजवळ उभी होती, शेजारी फातिमाभाभी. मुबश्शिराचा डावा हात स्वतःच्या मांडीवर चालत होता.

टाळ्या थांबेनात. मितेशने माईक घेतला. म्हणाला, ह्या गाण्याचा पाया आमच्या शर्मिष्ठाताईंनी स्वतः रचला, गाण्याचं नाव 'भरती'. पुढच्या महिन्यात गोव्याला स्टुडिओत जाऊन ते रेकॉर्ड करणार आणि रचनाकार म्हणून ताईंचं नाव लागणार.

माझ्यासमोरही माईक होता. हाताच्या अंतरावर. चालू होता. माझा श्वास त्यात ऐकू येत होता.

मी म्हटलं, धन्यवाद.

मुबश्शिरा टाळ्या वाजवत होती. इतरांबरोबर सुरू केल्या, इतरांबरोबर थांबवल्या. फातिमाभाभी वाजवत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. बांगडा ताजा आहे की शिळा, हे डोळ्यावरून ओळखतात तसं.

स्कूटरवरून घरी आलो. गेट उघडताना सुशांत म्हणाला, "वाजवलंस चांगलां." एवढंच.

२० जानेवारी, मंगळवार

आज गेले. हेडफोन घेतला नव्हता.

मुबश्शिरा पेटीचं झाकण उघडून चिकटलेला सूर साफ करत होती, मास्तरांच्याच ब्रशने. मी उभ्या उभ्या सांगितलं. जुलैतलं रेकॉर्डिंग, मोबाइल कुठे ठेवला ते, मितेशला काय उत्तर दिलं ते. मधे थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

ती ब्रश फिरवत राहिली. मग म्हणाली, "माका म्हायत होतां, बाई. व्हिडिओ इलो त्याच दिवशी."

मला प्रथम ते समजलंच नाही. मग एकेक गोष्ट मागून यायला लागली. रेकॉर्डिंग आहे का, हा तिचा प्रश्न. जेवताना लावलेला व्हिडिओ. "आणि काय?"

"मग शिकवलंस कशाला मला?"

"तुम्ही तां चुकीचां वाजवलां असतां," ती म्हणाली. "माझां तां. बंदरार सगळ्या लोकांसमोर चुकीचां वाजलेलां माका सोसलां नसतां."

पट्टी जागेवर बसवून तिने एक सूर दाबून पाहिला. साफ निघाला.

"आणि वाट बघी होतंय," ती म्हणाली. "दर मंगळवारी. वाटायचां आज सांगतीत. शेवटच्या मंगळवारी तर नक्की वाटलेलां."

"मला माफ—"

"नको, बाई. तां नको." तिने झाकण लावलं, वर मास्तरांचा जुना टॉवेल पसरला. "आता माका कामां आसत."

फातिमाभाभी ओट्यावर होत्या. निघताना मी चप्पल घालायला वाकले तरी त्यांनी काही म्हटलं नाही. नेहमी म्हणतात, परत ये गो.

२३ जानेवारी

गोदामात तिघांना सांगितलं. बाबूला आधी चेष्टा वाटली. मग तो ड्रमच्या काठ्या एकमेकांना लावून बघत बसला.

मितेश म्हणाला, पण कार्यक्रमात तर तुम्हीच वाजवलंत ताई, ते तर मी डोळ्यांनी पाहिलं. बहुधा मला वाचवायला वाट काढत होता. मी म्हटलं, हात माझा होता, वाजवलेलं तिचं होतं, आणि हातही तिनेच शिकवला. मग त्याने विचारलं, त्या दिवशी मी विचारलं होतं ना, गावात आणखी कोणी आहे का. मी म्हटलं, हो, विचारलं होतंस.

त्यावर त्याने तिचा नंबर मागून घेतला. मी निघाले तेव्हा निलेशने दार धरलं, पण तो जमिनीकडे बघत होता.

तिला कीबोर्ड नाही. तिघांना नाही सुचलं, मला सुचायला हवं होतं आणि सुचलं. संध्याकाळी सुशांतला म्हटलं, माझा कीबोर्ड गोदामात नेऊन ठेव, तिच्यासाठी, तिला सांगू नकोस कुणी दिला. तो चादरीत गुंडाळताना म्हणाला, "माका वाटलेलां, पयल्या रविवारीच सांगशीत. मी विचारलेलंय तुका."

"तुला कळलं होतं?"

"दीड महिनो कलमांका चिठ्ठये बांधलंय गो," तो म्हणाला. "खयचां कलम कोणाचां, तां माका कळता."

२६ जानेवारी

झेंडावंदनाला पेटी. राष्ट्रगीतात डाव्या हाताने भाता मारला. मुलं नेहमीसारखी गायली. मुख्याध्यापकांनी कार्यक्रमाबद्दल अभिनंदन केलं, मी म्हटलं ती चाल माझी नव्हती, माझ्या एका विद्यार्थिनीची होती. त्यांना वाटलं मी नम्रपणे बोलते आहे. म्हणाले, चांगल्या शिक्षकाचं हेच लक्षण. मी पुन्हा सांगितलं. त्यांना पुन्हा तेच वाटलं. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढला आणि ते चपापले.

३० जानेवारी

मितेशने गटात लिहिलंय: 'भरती', रचना मुबश्शिरा, कीबोर्ड मुबश्शिरा. ती हो म्हणाली. त्याच्याखाली अंगठे आले. मग मला गटातून काढलं. ते बरोबरच आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

बाजारातून येताना पाय गोदामाच्या वाटेला गेले. आत गेले नाही. भिंतीला लागून टरफलांच्या पोत्यांजवळ उभी राहिले.

ती वाजवत होती. तेच, सात मात्रांची साखळी, माझ्याच कीबोर्डवर. माझ्यापेक्षा हळू, आणि किती मोकळं. पाचव्या मात्रेवर करंगळी आधी घसरली, खालच्या सुरावरून वरच्यावर. मी म्हटलं, चुकली. पुढच्या फेरीत पुन्हा घसरली. त्याच्या पुढच्या फेरीतही. तिथेच, तेवढीच. आतून मितेश ओरडला, हीच, हीच ती, आणि बाबूने झांज वाजवली.

चूक अशी दरवेळी एकाच जागी होत नाही.

महिनाभर तिने मला सगळं दिलं, मनगट दिलं, खांदा दिला, चार आणि सात वेगळे करून दिले. तेवढं एक मागे ठेवलं. ती मला ओळखून होती. पोत्याला टेकून मी ते ऐकत राहिले, आणि माझा डावा हात मांडीवर तिच्याबरोबर चालत होता. पाचव्या मात्रेला मात्र तो सरळ गेला. मला शिकवलंय तसा.

घरी आले. टेबलावर कीबोर्डची जागा रिकामी आहे, धुळीचा चौकोन आहे. हात रोज संध्याकाळी त्या वेळेला तिथे जातो. इतक्या वर्षांनी तो जागा झालाय आणि मी त्याला काय सांगू. शाळेतल्या पेटीपुढे नेऊन परत भात्याला लावू?

तिच्याकडे काही मागायचा मला अधिकार नाही. माफी तिने मागूच दिली नाही, तेही बरं केलं. हे मागितलं तर ती नाही म्हणेल. म्हणायलाच हवं. उत्तरसुद्धा देणार नाही कदाचित, दोन निळ्या खुणा दिसतील आणि संपेल. फातिमाभाभींनी दार ढकलायला कोपर पुढे करावं, असं मी काही ठेवलेलं नाही.

तरी मोबाइलवर लिहून ठेवलंय. ही वही मिटली की पाठवते.

"मुबश्शिरा, रमजान लागायच्या आदी खयच्याय एका मंगळवारी माका मास्तरांच्या पायपेटीर बसूक देशीत? 'भरती' नको. तुझां काय्येक नको. पंधरा वर्सांच्या चेडवाक शिकवतत तसो पयलो धडो शिकव. नुसतो डावो हात."